वॉन विलेब्रँडची नवी ऑटोमॅटिक टेस्ट लॅबमध्ये घेण्याआधी पारखायची कशी?

"जुन्या रिस्टोसेटिन पद्धतीशी आकडे जुळले की झालं ना?" असं तुम्ही विचारलंय. नाही, झालं नाही. वॉन विलेब्रँड म्हणजे रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन; ते कमी किंवा सदोष असलं की रक्तस्राव लवकर थांबत नाही, तोच हा आजार. ते प्रथिन काम किती करतंय हे रिस्टोसेटिन नावाचं रसायन घालून मोजायची ती जुनी पद्धत. बेळगावात १९ वर्षं लॅबमध्ये आहे, आणि या विषयावरून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे, म्हणून लिहितोय.

ताईला खानापूर तालुक्यात दिलंय. भाचीची पाळी दहा-दहा दिवस थांबेना, हिमोग्लोबिन ७ वर आलं. पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या नेहमीच्या टेस्ट नॉर्मल, म्हणून एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं. मी हट्टानं वॉन विलेब्रँडची टेस्ट करायला लावली. सकाळी तिकडं रक्त काढलं आणि कुणा शहाण्यानं निळ्या झाकणाची ट्यूब सेंट्रिफ्यूज न करता, मासळी ठेवावी तशी बर्फात ठेवली. बेळगावला पोचली संध्याकाळी. रिपोर्ट आला: अँटिजेन (प्रथिन किती आहे) ३१, ॲक्टिव्हिटी (ते काम किती करतंय) १४. म्हणजे ॲक्टिव्हिटी भागिले अँटिजेन हे गुणोत्तर ०.४५, टाइप २ (प्रथिनच सदोष; टाइप १ मध्ये ते नुसतं कमी असतं). दाजी म्हणाले, "मशीनचा रिपोर्ट आहे, चुकंल कसा? तुमच्याच घराण्यातनं आलंय हे."

मशीनची चूक नव्हतीच की ओ! तिच्यात घातलेला प्लाझ्मा तिनं मोजला. पण रक्त तसंच गारठ्यात राहिलं की मोठे मल्टिमर (या प्रथिनाच्या लांब साखळ्या) प्लाझ्मातून कमी होतात, आणि टाइप १ चा पेशंट टाइप २ दिसतो. भाचीला बेळगावला आणून माझ्यासमोर रक्त काढलं, तासाभरात सेंट्रिफ्यूज केलं. अँटिजेन ३८, ॲक्टिव्हिटी ३५. टाइप १. हा फरक कागदापुरता नाही. टाइप १ ला डेस्मोप्रेसिन हे औषध बहुधा लागू पडतं, टाइप २ मधला २बी प्रकार असेल तर त्यानंच प्लेटलेट घसरू शकतात.

तर तुमची मशीन. नॉर्मल लोकांचे नमुने कुठल्याही दोन पद्धतींवर छान जुळतात, कंपनीचा माणूस तोच ग्राफ दाखवतो. तुम्ही ॲक्टिव्हिटी २० च्या खाली असलेले पेशंट जमवा, टाइप २ चे जमवा, आणि एकच नमुना दोन्हींवर चालवून गुणोत्तर ०.७ च्या (त्याखाली टाइप २ धरतात) अलीकडं-पलीकडं कोण पडतंय ते बघा. जुनी पद्धत म्हणजे काही देवाचा कौल नाही. तिचे आकडे हलतात. शिवाय काहींच्या जनुकात असा बदल असतो की रिस्टोसेटिनवर ॲक्टिव्हिटी कमी दिसते आणि रक्तस्राव मात्र काही नसतो. तिथं नवी टेस्ट जुळली नाही, तर तो तिचा गुण समजा. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही नव्या पद्धतींकडंच झुकल्यात.

आता दाजींचं. हिमोफिलियाचं कुठंतरी ऐकून "आईकडनंच येतं" हे धरून बसलेत. वॉन विलेब्रँडचं जनुक १२ व्या गुणसूत्रावर असतं, बापाकडनंही तितकंच येतं. ताईचं अँटिजेन मी केलं, ८८ आलं. दाजींनी आजवर दंड पुढं केलेला नाही.

हां, एक राहिलंच. ताप, गरोदरपण, सुई बघून रडणं, यानं आकडा वर जातो, आणि ओ रक्तगटात मुळातच कमी असतो. एका नॉर्मल रिपोर्टवर आजार नाही म्हणू नका. त्या हिशेबानं ताईचे ८८ सुद्धा एकदाचेच, हे मान्य. आणि औषधाचं डॉक्टरांना विचारा, मी टेक्निशियन आहे.

दाजींचा घोळणा मात्र दर उन्हाळ्यात फुटतो. कांदा हुंगत बसतात आणि सांगतात, उष्णता आहे.