'स्मारक' की 'स्मृतिस्थळ'?

जुन्या श्रमछावणीच्या जागेविषयी लिहिताना 'स्मारक' हा शब्द योजावा की 'स्मृतिस्थळ', आणि 'छावणीचे सामूहिक स्मृतीच्या स्थळात रूपांतर होते' हे वाक्य योग्य आहे का, अशी पृच्छा आली आहे.

स्मारक म्हणजे स्मरणासाठी मुद्दाम उभारलेली वस्तू. ती घटनास्थळीच असावी असे बंधन नाही. मॉस्कोच्या लुब्यांका चौकात १९९० साली बसवलेली शिळा सोलोव्हेत्स्की बेटांवरून, म्हणजे आरंभीच्या एका सोव्हिएत छावणीच्या जागेवरून आणलेली आहे, ते स्मारकच. 'स्मृतिस्थळ' म्हणताना मात्र जे घडले ते याच जमिनीवर घडले, हे गृहीत असते. जर्मनीतील डाखाऊ येथील नाझी छावणीच्या मूळ बराकी पाडण्यात आल्या, त्यांपैकी दोन नव्याने बांधल्या गेल्या आणि बाकीच्यांच्या केवळ जोत्यांच्या रेषा दिसतात. तरीही तेथे 'स्मृतिस्थळ' हाच शब्द चपखल बसतो.

माझा खरा आक्षेप 'रूपांतर होते' या क्रियापदाला आहे, कारण त्यात कर्ता लपतो. ऑस्ट्रियातील गुसेन ही माउटहाउझेन या नाझी छावणीची उपछावणी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या बऱ्याचशा जमिनीवर घरे झाली आणि छावणीच्या प्रवेशद्वाराची इमारत चक्क खासगी बंगला झाली. शवदाहाची भट्टी टिकली, ती वाचलेल्या कैद्यांच्या संघटनांनी धडपड करून १९६५ साली तिच्याभोवती स्मारक उभे केले म्हणून.

रशियातील पर्म-३६चे उदाहरण याहून बोलके आहे. १९४६ मध्ये लाकूडतोडीसाठी सुरू झालेल्या या छावणीत सत्तरच्या दशकापासून राजकीय कैदी ठेवले जात. कडक विभागातील कैद्याला मोकळी हवा मिळे ती काटेरी तारांचे छत असलेल्या लहानशा खोपटात. छावणी बंद झाल्यावर, नव्वदच्या दशकात, इतिहासकारांनी व स्वयंसेवकांनी बराकी दुरुस्त करून तेथे संग्रहालय उघडले. २०१४ मध्ये त्याचा ताबा प्रांतिक प्रशासनाकडे गेला आणि पुढच्याच वर्षी संस्थापक संस्थेने काम थांबवले. 'रूपांतर झाले' एवढेच लिहिले, तर ते दोनदा झाले आणि दोन्ही वेळा करणारे वेगळे होते, याचा वाचकाला पत्ताही लागत नाही. म्हणून 'अमुक लोकांनी छावणीची जागा स्मृतिस्थळ म्हणून जतन केली' अशी सकर्मक रचना मी सुचवेन.

'सामूहिक स्मृती' ही संज्ञा समाजशास्त्रात रुजवणारे मोरिस हाल्ब्वाक्स १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छावणीतच मरण पावले, हे जाता जाता नोंदवतो. एरवी 'सामूहिक' हे विशेषण जपून वापरावे: कैद्यांची, पहारेकऱ्यांची आणि शेजारच्या गावकऱ्यांची आठवण एकच असते असे त्यातून सूचित होऊ शकते.

लेखनाविषयी: 'स्मृती' दीर्घान्त, पण समासात पूर्वपदी आल्यावर ऱ्हस्व, म्हणून 'स्मृतिस्थळ', आणि 'सामुहिक' नव्हे, 'सामूहिक'.