मिकाएल आग्रिकोला कोण होते? फिनलंडमध्ये त्यांना एवढा मान का?

सोळाव्या शतकातले, फिनलंडमधल्या तुर्कू शहराचे लुथरन (प्रोटेस्टंट पंथाचे) बिशप. शेतकऱ्याचा मुलगा, लॅटिनमध्ये ‘आग्रिकोला’ म्हणजे शेतकरीच. जर्मनीतल्या विटेनबर्गला शिकले, तेव्हा धर्मसुधारक मार्टिन लुथर तिथेच शिकवत होते. बिशपपद १५५४ साली मिळालं, पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण भाषेत आहे. त्यांच्यापूर्वी फिनिशमध्ये छापील पुस्तकच नव्हतं! त्यांनी आधी बाराखडीसारखं छोटं पुस्तक काढलं: मुळाक्षरं, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना. मग १५४८ मध्ये बायबलचा अख्खा नवा करार. लोकांच्या तोंडची बोली कागदावर कशी लिहायची, हे त्यांनाच ठरवावं लागलं. ९ एप्रिल १५५७ रोजी, रशियाशी तहाची बोलणी करून परतताना वाटेतच ते वारले. फिनलंड त्याच दिवशी फिनिश भाषा दिन पाळतो.