हरवलेले पॅनेल, परके वाटणारे ‘ल’ आणि ‘श’ : एक्सएफसीईविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे एक्सएफसीई या मुक्तस्रोत डेस्कटॉपविषयी असल्यामुळे सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. मेनूंची नावे इंग्रजी मांडणीत दिसतात तीच, पण देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमधल्या आज्ञा आणि फायलींची नावे टंकताना अर्थातच रोमन लिपीत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत लिहावीत.

प्रश्न : आमच्या शाळेत लिनक्स मिंट या संगणक प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती वापरतो. स्नेहसंमेलनाच्या वेळी एक संगणक प्रोजेक्टरला जोडला होता आणि तेव्हा कोणीतरी सेटिंग्जमध्ये काही बदल केले. आता मेनू आणि घड्याळ असलेली खालची पट्टी दिसतच नाही. दुरुस्तीला आलेले गृहस्थ सगळे पुन्हा इन्स्टॉल करावे लागेल म्हणतात. खरेच तसे आहे का? — एक शिक्षिका, कराड

उत्तर : तशी काहीही गरज नाही, आणि त्या गृहस्थांना आधी थांबवावे. एक्सएफसीई हा एकसंध प्रोग्राम नसून स्वतंत्रपणे चालणाऱ्या अनेक प्रोग्रामांचा संच आहे. खिडक्यांच्या कडा आणि शीर्षकपट्ट्या विंडो मॅनेजर काढतो, पार्श्वचित्र आणि त्यावरची चिन्हे एक्सएफडेस्कटॉप सांभाळतो, आपली हरवलेली पट्टी म्हणजे पॅनेल हा तिसराच प्रोग्राम आहे आणि फायली दाखवणारा थुनार चौथा. यांपैकी एक रुसला तरी बाकीचे कामावर असतात. म्हणूनच पट्टी नसतानाही रिकाम्या डेस्कटॉपवर उजवी क्लिक केल्यावर मेनू उघडतो, त्याच्या तळाशी ‘ॲप्लिकेशन्स’ असते आणि तेथून ‘सेटिंग्ज मॅनेजर’पर्यंत पोहोचता येते.

आपल्या पत्रात प्रोजेक्टरचा उल्लेख आहे, म्हणून माझा पहिला संशय तिकडेच जातो. सेटिंग्ज मॅनेजरमधील ‘पॅनेल’ उघडून ‘डिस्प्ले’ विभागातील ‘आउटपुट’ या चौकटीत काय लिहिले आहे ते पाहावे. पॅनेल एखाद्या ठरावीक पडद्याला बांधलेले असेल आणि तो पडदा जोडलेला नसेल, तर पॅनेल चालू राहते, पण दिसत नाही. तेथे ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘प्रायमरी’ निवडताच ते मूळ जागी परतेल. त्याच विभागात पॅनेल आपोआप लपवण्याची सोयही आहे. ती ‘ऑलवेज’वर असेल तर ‘नेव्हर’ करावी.

‘पॅनेल’ची खिडकीच उघडत नसेल, तर तो प्रोग्राम चालू नाही असे समजावे. ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘एक्सएफसीई४-पॅनेल’ हे नाव टंकून एंटर करावे. पट्टी आली, पण पुढच्या लॉगिनला पुन्हा गायब झाली, तर पॅनेल बंद असतानाचे सत्र, म्हणजे त्या वेळी कोणते प्रोग्राम चालू होते याची नोंद, जतन झालेले आहे. ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये जतन केलेली सत्रे पुसण्याचे बटण आहे, ते वापरावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर पॅनेलची सेटिंग्जची फाइल बिघडली असावी. याची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे संगणकावर एक नवे वापरकर्ता खाते काढून त्यातून लॉगिन करणे. तेथे पॅनेल नीट दिसले, तर प्रणाली निरोगी असून दोष फक्त जुन्या खात्याच्या फायलींत आहे, हे पुन्हा इन्स्टॉल करण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनाही दाखवून देता येते. ही फाइल होम फोल्डरात ‘.कॉन्फिग’, त्यात ‘एक्सएफसीई४’, त्यात ‘एक्सएफकॉन्फ’ आणि त्यात ‘एक्सएफसीई-परचॅनल-एक्सएमएल’ अशा उतरंडीत असते आणि तिचे नाव ‘एक्सएफसीई४-पॅनेल.एक्सएमएल’ असते. टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात. थुनारमध्ये कंट्रोल आणि एच दाबल्यावर ते दिसू लागतात.

येथे बहुतेक जण फसतात. लॉगिन केलेल्या अवस्थेत ती फाइल काढून टाकली जाते, पुन्हा लॉगिन केले जाते आणि जुनी बिघडलेली मांडणी जशीच्या तशी हजर होते. याचे कारण असे की सेटिंग्ज सांभाळणारा ‘एक्सएफकॉन्फडी’ हा पडद्यामागचा प्रोग्राम सर्व नोंदी स्मृतीत धरून असतो आणि संधी मिळताच त्या पुन्हा फायलीत उतरवतो. त्यामुळे आधी पूर्ण लॉगआउट करावे, लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळ्या पडद्यावर नाव व पासवर्ड द्यावा आणि ‘एमव्ही’ या आज्ञेने फायलीचे नाव बदलावे. फाइल पुसू नये. आपण मेहनतीने लावलेली बटणे त्या फायलीत नोंदलेली असतात आणि पुढे त्यांतले काही परत हवे असेल, तर ती उघडून पाहता येते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७ दाबून लॉगिनच्या पडद्यावर परत यावे.

पुढच्या स्नेहसंमेलनाआधी ‘पॅनेल प्रोफाइल्स’ हे छोटे साधन बसवून सध्याची मांडणी एका फायलीत जतन करून ठेवावी.

प्रश्न : दररोज लॉगिन केल्यावर त्याच चार खिडक्या आपोआप उघडतात. बंद केल्या तरी दुसऱ्या दिवशी हजर. — एक वाचक, सांगली

उत्तर : लॉगआउटच्या चौकटीत सत्र जतन करण्याचा एक छोटा खूणचौकोन असतो. त्यावर कधीतरी खूण केली गेली आहे. तेथील खूण काढावी आणि वर सांगितल्याप्रमाणे जतन केलेली सत्रे पुसावीत.

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचे काम करते. लिनक्स मिंटवर नोटो सान्स देवनागरी हा फाँट आहे, तरीही माउसपॅड या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये आणि फायलींच्या नावांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. फाँट बदलूनही फरक पडत नाही. मला मराठी वळणच हवे आहे. — एक मुद्रितशोधक, पुणे

उत्तर : आपला आग्रह रास्त आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच वळणे प्रमाण ठरवली आहेत. आपल्या फाँटात दोष नाही. नोटो सान्स देवनागरी आणि लोहित देवनागरी या दोन्ही फाँटांत मराठी वळणाची अक्षरे वेगळी साठवलेली असतात, परंतु मजकूर मराठी आहे असे फाँटाला कोणीतरी सांगावे लागते. युनिकोडमध्ये हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांचा संकेतांक एकच असल्यामुळे केवळ अक्षरावरून ते ओळखता येत नाही. एक्सएफसीईचे प्रोग्राम खिडक्या, मेनू आणि बटणे बांधणाऱ्या ज्या जीटीके संचावर उभे आहेत, त्यात अक्षरे मांडण्याचे काम पँगो ही लायब्ररी करते. तिला भाषेचा वेगळा निर्देश मिळाला नाही, तर देवनागरी दिसली की ती हिंदी धरून चालते.

संपूर्ण प्रणालीची भाषा मराठी केली तर हा प्रश्न सुटतो, पण मग मेनूही मराठी होतात आणि अनुवाद जेथे अपुरा आहे तेथे निम्मे इंग्रजी, निम्मे मराठी असे चित्र दिसते. आपल्याला फक्त अक्षरांचे वळण हवे आहे, म्हणून मी दुसरा मार्ग सुचवतो. मिंटच्या ‘लँग्वेजेस’ या साधनातून आधी मराठी भाषा जोडावी. नंतर होम फोल्डरात ‘.एक्ससेशनआरसी’ या नावाची साधी मजकूर फाइल तयार करून तीत ‘एक्सपोर्ट एलसी_सीटाइप=एमआर_आयएन’ ही एकच ओळ लिहावी. यातील ‘एलसी_सीटाइप’ आणि ‘आयएन’ मोठ्या रोमन अक्षरांत, ‘एक्सपोर्ट’ आणि ‘एमआर’ लहान अक्षरांत लिहायचे असून बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नये. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्यावर माउसपॅड, थुनार आणि पॅनेल या सर्वांत मराठी वळण दिसेल आणि मेनू इंग्रजीतच राहतील.

लिब्रेऑफिसला मात्र हा उपाय पुरेल असे गृहीत धरू नये, कारण ते प्रत्येक मजकुराची भाषा दस्तऐवजातच नोंदवते. त्याच्या ‘ऑप्शन्स’मधील भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडावी. दुसऱ्याकडून आलेल्या जुन्या फायलींत हिंदी नोंदलेली असेल, तर तो मजकूर निवडून त्याची भाषा बदलावी लागेल. आपल्या व्यवसायात हे काम रोजचेच होणार आहे. ब्राउझरमध्ये काय दिसेल, हे बरेचसे पान तयार करणाऱ्याने भाषा नोंदवली आहे की नाही यावर ठरते, आणि पुष्कळ मराठी संकेतस्थळे ती नोंदवत नाहीत, हे खेदाने लिहावे लागते.

प्रश्न : नव्या चौदा इंची लॅपटॉपवर १९२० गुणिले १०८० चा पडदा आहे. अक्षरे फार बारीक दिसतात, आणि ‘विंडो स्केलिंग’ दुप्पट केले तर सगळेच अगडबंब होते. शिवाय खिडकीची कड माउसने पकडता येत नाही. वय सत्तरच्या पुढे आहे. — एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : विंडो स्केलिंग पूर्ण पटींतच चालते, ते या पडद्याच्या उपयोगाचे नाही. ‘अपिअरन्स’मधील ‘फाँट्स’ विभागात ‘कस्टम डीपीआय’ला खूण करून ९६ ऐवजी १२० लिहावे, गरज वाटल्यास आणखी थोडे वाढवावे. शीर्षकपट्टीवरची बटणे मात्र विंडो मॅनेजरच्या थीममधून येतात, म्हणून ‘विंडो मॅनेजर’मध्ये ‘डिफॉल्ट-एचडीपीआय’ ही थीम निवडावी. काही प्रोग्राम आपली शीर्षकपट्टी स्वतःच काढतात. त्यांच्यावर या थीमचा परिणाम होत नाही. पॅनेलची जाडी त्याच्या सेटिंग्जमध्ये पिक्सेलमध्ये द्यावी लागते.

कड पकडण्याचा खटाटोप करूच नये. ऑल्ट दाबून ठेवून खिडकीच्या आत कोठेही माउसचे उजवे बटण दाबून ओढले की आकार बदलतो, डावे बटण दाबून ओढले की खिडकी सरकते. मला स्वतःला ही सोय इतर कोणत्याही सजावटीपेक्षा मोलाची वाटते.

प्रश्न : पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या वेलँड या नव्या व्यवस्थेकडे सगळे वळत आहेत. एक्सएफसीई सोडून द्यावे का? — एक अभियांत्रिकी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : या कारणासाठी तरी सोडू नये. ऑलिव्हिए फुरदाँ यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मुळातच सावकाश चालतो. ४.१२ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि ४.१४ साठी २०१९ उजाडले. डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये वेलँडचा आधार प्रायोगिक स्वरूपात आला, पण तेव्हा त्यांचा स्वतःचा विंडो मॅनेजर वेलँडवर चालत नव्हता आणि त्याच्या जागी लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर हा दुसरा विंडो मॅनेजर वापरावा लागत होता. प्रयोगाची हौस असेल, तर वेगळ्या खात्यात करून पाहावे. प्रकल्पाचा अहवाल जमा करायच्या आठवड्यात नको.

प्रश्न : पासवर्ड दिल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो. पासवर्ड नक्की बरोबर आहे. — एक दुकानदार, मडगाव

उत्तर : पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. पडदा काळा होऊन परत येतो, याचा अर्थ पासवर्ड स्वीकारला गेला, पण डेस्कटॉप सुरू होता होता कोसळला. कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करावे आणि ‘डीएफ -एच’ ही आज्ञा द्यावी. होम ज्या विभागावर आहे तो शंभर टक्के भरलेला दिसला, तर कारण सापडलेच, कारण लॉगिनच्या वेळी लिहायच्या छोट्या फायलींनाही जागा उरलेली नसते. अशा वेळी ‘.एक्ससेशन-एरर्स’ या फायलीचा आकार जरूर पाहावा. प्रोग्रामांच्या तक्रारी तीत साठत जातात आणि एखादा प्रोग्राम सतत तक्रार करत राहिला, तर ती काही गिगाबाइटपर्यंत फुगू शकते. पुसण्यापूर्वी ‘टेल’ या आज्ञेने तिच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात, म्हणजे तक्रार करणाऱ्या प्रोग्रामचे नाव कळेल. नाहीतर ती पुन्हा भरेल.

जागा पुरेशी असेल, तर ‘एलएस -एल -ए’ ही आज्ञा देऊन ‘.एक्सऑथॉरिटी’ या फायलीचा मालक पाहावा. या नावातला फक्त एक्स मोठा असतो. मालक म्हणून आपल्या नावाऐवजी ‘रूट’ दिसत असेल, तर कोणीतरी प्रशासकाच्या अधिकाराने चित्रमय प्रोग्राम चालवला असावा. त्या फायलीचे नाव ‘एमव्ही’ने बदलावे; ती पुढच्या लॉगिनला आपोआप नव्याने तयार होते.