"तू मूळची कुठली?" याची दोन उत्तरं ठेव

"तू मूळची कुठली?" असं कुणी विचारलं की तुझ्या पोटात गोळा येतो, हे तुझ्या पत्रात वाचून मला माझी विशी आठवली. मीही तुझ्यासारखीच आईवडिलांच्या बदल्यांमुळे देशोदेशी वाढले. मी दोन उत्तरं तयार ठेवते. लिफ्टमध्ये भेटलेल्याला एका शब्दाचं, आणि ज्याला खरंच ऐकायचंय त्याला लांबलचक. छोटं उत्तर म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आपल्यासारख्यांना नावही आहे. रूथ हिल उसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला, त्यातून 'थर्ड कल्चर किड' हा शब्द आला. पहिली संस्कृती आईवडिलांची, दुसरी जिथे वाढलो तिथली, तिसरी या दोन्हींच्या मधे जगणाऱ्यांची.

खरं दुखणं निरोपांचं असतं. प्रत्येक बदलीत मैत्रिणी, भाषा, कधी मांजरही सुटतं, आणि मोठी माणसं म्हणतात, "तिकडे नवे मित्र मिळतील." तेव्हा रडायचं राहून गेलं असेल तर आता रडून घे. जुन्या मैत्रिणीला उशिरा का होईना, पत्र लिही. आणि 'जायचंच आहे, कशाला जीव लावायचा' म्हणून बांधलेल्या सामानावर बसून राहू नकोस. मी तेच केलं. सहा वर्षं राहूनही शेजाऱ्यांची नावं ठाऊक नव्हती.

घरची भाषा अडखळत बोललीस तर लोक हसतील. हसू देत. माझी आत्या अजून हसते, पण फोन ठेवत नाही.