दात पांढरे करायचेत, पण इनॅमल आणि खिसा दोन्ही सांभाळून

दातांच्या रंगाबद्दल इतके प्रश्न आलेत की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त यावरच बोलूया.

प्रश्न : डॉक्टर, मी बरेच दिवस खायचा सोडा आणि लिंबाचा रस एकत्र करून दात घासतेय. सुरुवातीला दात खरंच पांढरे वाटले, आता गार पाणी प्यायलं की कळ जाते आणि रंग परत पिवळसर दिसतोय. सोडा कमी पडतोय का?

उत्तर : ताई, सोड्याचं राहू द्या, आधी ते लिंबू बंद करा, आजपासूनच. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) असतो २ ते ३ च्या मधे आणि दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात ना, तेव्हा हेच चालू असतं, फक्त थोड्या वेळात लाळ ते सावरून घेते. तुम्ही मात्र आंबलेल्या, मऊ पडलेल्या इनॅमलवर लगेच ब्रश फिरवताय, म्हणजे जे लाळेने सावरलं असतं ते खरवडून निघतंय. आणि फेस येतो म्हणजे काहीतरी काम होतंय असं नाही हो, सोडा आणि लिंबू तिथे एकमेकांनाच मारत असतात, आणि लिंबू जास्त पडलं की उरलेलं आम्ल दातावर.

आता रंग परत का आला ते सांगते. इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतला थर, डेंटिन, मुळातच पिवळा असतो. दुधी काचेमागे पिवळी भिंत असावी तसं. काच जितकी पातळ कराल तितकी भिंत जास्त दिसणार! सुरुवातीला जो पांढरेपणा वाटला तो वरचे डाग निघाल्यामुळे आणि आम्लाने पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज झाल्यामुळे होता. गेलेली जाडी परत येत नाही, शरीर इनॅमल पुन्हा बनवत नाही, म्हणून मी एवढी तळमळून सांगतेय.

आत्ता काय करायचं तर पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची फ्लोराइड पेस्ट आणा, सकाळी आणि रात्री झोपताना दोन मिनिटं मऊ ब्रशने घासा, नुसतं थुंका, खळखळून चूळ भरू नका म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. फरक पडायला काही आठवडे लागतात. गार पाणी संपल्यावरही कळ बराच वेळ रेंगाळत असेल तर मात्र वाट बघू नका, दाखवून घ्या. सोडा स्वतः वाईट नाही, उलट तो बऱ्याच पेस्टपेक्षा मऊ आहे, फक्त त्यात फ्लोराइड नसतं, त्यामुळे सोडा आवडत असेल तर सोडा आणि फ्लोराइड दोन्ही असलेली पेस्ट घ्या.

प्रश्न : व्हायटनिंग पेस्ट आणि चारकोल पेस्ट यात कुठली घ्यावी? स्वस्तात भागवायचंय.

उत्तर : स्वस्तात भागवायचं असेल तर साधी फ्लोराइड पेस्ट, डब्यावर फ्लोराइडचं प्रमाण १००० ते १४५० पीपीएम लिहिलेलं बघून. व्हायटनिंग पेस्ट चहा-कॉफीचे वरवरचे डाग काढते, दाताचा मूळ रंग बदलत नाही. काहींमध्ये निळसर रंग असतो, त्याने पिवळेपणा थोडा वेळ झाकला जातो, फोटोपुरतं ठीक. चारकोल मी कुणालाच सांगत नाही. २०१७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये कोळशाच्या पेस्ट-पावडरींवरच्या अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात ही सुरक्षित आहेत किंवा दात पांढरे करतात असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नव्हता. वर बऱ्याच चारकोल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं आणि ती काळी पूड जुन्या फिलिंगच्या कडेला जाऊन बसते, मग ती रेघ काढायला माझ्याकडेच यावं लागतं.

प्रश्न : माझं लग्न तीन महिन्यांवर आलंय. क्लिनिकमधलं ब्लीचिंग परवडत नाही. घरी करता येईल असं सुरक्षित काही आहे का? माझ्या एका पुढच्या दाताला कॅप आहे.

उत्तर : अभिनंदन! आणि बरं झालं आत्ताच विचारलंस, कारण हे काम घाईत बिघडतं.

पहिली पायरी दात साफ करून घेणं, म्हणजे स्केलिंग. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून बघ, खरखरीत लागतं का? तिथे लाळेची ग्रंथी उघडते म्हणून कीटण सगळ्यात जास्त तिथे साचतं आणि ते कुठल्याही पेस्टने निघत नाही. खूप जणांचं निम्मं काम या एका खेपेत होतं आणि पुढचा खर्चच वाचतो. "स्केलिंगने दात हलायला लागतात" असं कुणीतरी सांगेल, ते ऐकू नकोस. कीटण निघाल्यावर दातांमधल्या फटी मोकळ्या झाल्यासारख्या वाटतात एवढंच, आणि कधी दात हलल्यासारखा वाटला तर हाडाचं नुकसान त्या कीटणाने आधीच केलेलं असतं.

त्याच वेळी किडलेले दात भरून घे. किडलेल्या दातात ब्लीच गेलं तर ठणका लागतो.

मग ब्लीचिंग. रंग खरोखर आतून फिकट करणारी गोष्ट एकच, पेरॉक्साइड. परवडणारा आणि सगळ्यात जास्त वापरून पारखलेला मार्ग म्हणजे डेंटिस्टने तुझ्या दातांचं माप घेऊन बनवलेला पातळ ट्रे आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल. ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे. १० टक्के कार्बामाइड म्हणजे प्रत्यक्षात साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणून ते सौम्य. रात्री दात घासून ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला अगदी छोटा थेंब टाकायचा, ट्रे बसवायचा, हिरडीवर आलेलं जेल बोटाने किंवा कोरड्या ब्रशने पुसून टाकायचं आणि झोपायचं. साधारण दोन आठवडे. जेल जास्त घातलं म्हणून दात जास्त पांढरे होत नाहीत, फक्त हिरडी पोळते. दातांना कळ यायला लागली तर एक दिवस सोडून एक दिवस कर, काही बिघडत नाही.

ट्रेसुद्धा जमत नसेल तर नावाजलेल्या कंपनीच्या पेरॉक्साइडच्या पट्ट्या, पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ. त्या फक्त पुढच्या दातांपुरत्या असतात आणि वेडेवाकडे दात असतील तर नीट चिकटत नाहीत. ऑनलाइन मिळणारी जेलं, ज्यांच्यावर टक्केवारीच लिहिलेली नसते, ती कितीही स्वस्त असली तरी तोंडात घालू नकोस. युरोपियन युनियनमध्ये ०.१ टक्क्याच्या वर आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेलं उत्पादन फक्त डेंटिस्टमार्फतच देता येतं, १८ वर्षांखालच्यांना तर नाहीच, एवढ्या काळजीने हे हाताळतात. आणि त्या किटमधल्या निळ्या लाइटसाठी जास्त पैसे मोजू नकोस, काम जेल करतं.

कॅपचं मात्र नीट लक्षात ठेव. कॅप आणि फिलिंग ब्लीचने पांढरे होत नाहीत, आजूबाजूचे दात उजळले की कॅप उलट गडद दिसेल. कॅप बदलायची तयारी आहे का ते आधी ठरव, आणि बदलायचीच असेल तर ब्लीच संपल्यावर किमान दोन आठवडे थांबून मग नव्या शेडला जुळवून घे. म्हणून म्हटलं, तीन महिने हातात आहेत ते बरं आहे.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीचे नवीन आलेले दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात. ती नीट घासत नाही म्हणून असेल का?

उत्तर : नाही हो, तिला रागावू नका. कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसरच असतात, त्यांच्यात डेंटिन जास्त असतं, आणि शेजारी दुधाचे दात असेपर्यंत फरक डोळ्यात भरतो. ते पडले की जाणवत नाही. या वयात कुठलीही व्हायटनिंगची वस्तू नको. दातावर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी चट्टे असतील तर मात्र दाखवून घ्या.

प्रश्न : माझा समोरचा एकच दात काळपट झालाय. लहानपणी पडलो होतो. पट्ट्या लावून काही होईल का?

उत्तर : पट्ट्यांवर पैसे घालवू नका. मार लागल्यावर आतली नस मेली की दात असा एकटाच काळवंडतो, कधी कधी खूप वर्षांनी. आधी एक्स-रे काढा, कारण दुखत नसलं तरी मुळाशी पू असू शकतो. बहुतेक वेळा रूट कॅनाल लागतं आणि मग त्याच दातात आतून ब्लीच भरून रंग उजळता येतो, कॅपपेक्षा ते पुष्कळदा स्वस्तात होतं आणि दातही कापावा लागत नाही.

प्रश्न : हिरडीच्या त्रासासाठी माउथवॉश दिला होता, तो वापरल्यापासून दात तपकिरी झालेत. कायमचे का?

उत्तर : कायमचे नाहीत. त्यात क्लोरहेक्सिडीन असणार, त्याने असे डाग पडतात आणि ते साफसफाईत निघतात. सांगितले तेवढेच दिवस वापरायचा असतो तो, मनाने चालू ठेवू नका.

प्रश्न : एकदा ब्लीच केलं की किती टिकतं? चहा सोडावा लागेल का?

उत्तर : काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत, माणसागणिक वेगळं. सिगारेट-तंबाखू चालू असेल तर सगळ्यात लवकर जातं, आणि ती सोडायला दातांपेक्षा मोठी कारणं आहेत हे तुम्हालाही माहितीय. चहा सोडू नका, फक्त दिवसभर घोटघोट पीत बसू नका, एकदाच प्या आणि वर साधं पाणी प्या. रंग पुन्हा उतरला असं वाटलं तर नव्याने सगळं करायची गरज नाही, एक-दोन रात्री जेल लावलं की पुरतं, त्यामुळे तो ट्रे धुऊन, कोरडा करून डबीत जपून ठेवा, गरम पाण्यात मात्र टाकू नका, आकार बिघडतो.