लेखनाचे क्लास घेणाऱ्या लेखकाचं स्वतःचं लिखाण संपतं का? आणि नुसतं लिहून घर चालतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून ते आधी. नाही चालत. आपल्याकडे साधी आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत २५० रुपये धरा, रॉयल्टी १० टक्के धरा, म्हणजे सगळ्या प्रती खपल्या तरी हातात १२,५०० रुपये, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षं जातात. दिवाळी अंकवाले जून-जुलैत कथेसाठी मागे लागतात, मानधन आलं तर संक्रांतीच्या आसपास येतं, कधी नुसता अंक येतो, कधी तोही आपणच मागून घ्यायचा. म्हणून मी भाषांतरं करते, जाहिराती लिहिते (एका बिल्डरच्या ब्रोशरमधलं 'गोदाकाठच्या निसर्गरम्य सान्निध्यात' माझंच, साईट नदीपासून लांब, पाथर्डी फाट्याच्या आत आहे), आणि रविवारी नाशिकला इंदिरानगरमध्ये लेखनाचा क्लास घेते.

आता पहिला प्रश्न. हे 'शिकवायला लागला की लेखक संपतो' मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, पण डोक्यात बसलंय ते एकाच माणसाचं.

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. नाशिकमध्ये त्या आठवड्यात लिहिणाऱ्या माणसाचा फोन थांबत नाही. शाळा, बँका, कंपन्या, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांना एकदमच मराठीचा उमाळा येतो. तर एका कॉलेजमधून फोन आला, मॅडम दिवसभराची कथालेखन कार्यशाळा घ्या, शंभरेक मुलं असतील. म्हटलं घेते, पण शंभर नको पंचवीस द्या, आणि मानधनाचं काय? तिकडून काहीच आवाज येईना. मग म्हणे, "मॅडम, तुम्ही तर घरच्याच." मी विचारलं, मांडववाला घरचा नाही का? स्पीकरवाला? फ्लेक्स छापणारा? समोसे कोण फुकट देतंय का? म्हणाले शाल, श्रीफळ आणि एक रोपटं देऊ. माझ्या बाल्कनीत सत्काराच्या रोपट्यांना आता जागा नाही हो, आणि शाली तर मी भांडीवाल्या मावशींना, त्यांच्या जावांना सगळ्यांना वाटून झाल्यात. मी नाही म्हटलं.

ही बातमी सरांपर्यंत गेली. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, कवी, गावातल्या अर्ध्या कार्यक्रमांचे अध्यक्ष. नाव लिहित नाही. पुढे एका प्रकाशन समारंभात, मी समोर बसलेली असताना, भाषणात म्हणाले की हल्ली काहींनी सरस्वतीचं दुकान मांडलंय, लेखन रक्तात असावं लागतं, ते क्लास लावून येत नाही, आणि असे क्लास घेणाऱ्यांचं स्वतःचं लिखाण आटत जातं. टाळ्या. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलंच. म्हटलं सर, तुम्ही इतकी वर्षं बीएच्या मुलांना मराठी शिकवलंत ते पगार घेऊनच ना? म्हणाले, "ते वेगळं." कसं वेगळं? तेवढ्यात बटाटेवडा आला आणि सर वड्याकडे वळले.

माझं म्हणणं मी तेव्हाही सांगितलं होतं, आत्ता परत सांगते. वसंत कानेटकर इथेच एचपीटी कॉलेजात शिकवत होते आणि नाटकामागून नाटक लिहीत होते, ते आटले का? आणि रक्ताचंच म्हणाल तर कीर्तनाएवढं आतून यायला हवं असं दुसरं काय आहे, तरी जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि तिथे मुलं चार-चार वर्षं राहून शिकतात. गाण्याची तालीम चालते, कीर्तनाचं शिक्षण चालतं, फक्त कथा-कवितेचं नाव काढलं की रक्त तपासायचं! आपल्याकडे लेखनाला पैसे मागू नयेत असं जे सांगतात ना, त्यांचा पगार नाहीतर पेन्शन एक तारखेला खात्यात पडलेली असते, हे एकदा नीट बघा.

आणि शिकवण्यातून काय मिळतं ते सांगते. निफाडकडची एक ताई येते क्लासला, घरची द्राक्षबाग, तिला विचारूनच लिहितेय. पहिली कथा आणली त्यात दवबिंदू, सोनेरी किरणं, पक्ष्यांचा किलबिलाट, सगळं होतं. मी विचारलं आज सकाळी घरी काय झालं? म्हणाली काही नाही हो मॅडम, गारठा फार पडला, मणी तडकतील म्हणून पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या केल्या, ड्रिपने पाणी सोडलं, जाळायला लाकडं पुरेनात म्हणून सासऱ्यांनी माळ्यावरचा मोडका पाळणा काढून टाकला. आणि हे ती 'काही नाही' म्हणून सांगत होती! तिच्या लग्नाला आठ वर्षं झालीत, मूल नाही. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं पुढच्या रविवारी एवढंच लिहून आण, एकही विशेषण नको. आणलं तिने. खरं सांगू, मला हेवा वाटला. घरी येऊन माझी अडकलेली कथा काढली, तिच्यातली पहिली दोन पानं उडवली आणि मग ती हलली. असलं काही घरात एकटी बसून झालं नसतं.

लिखाण खातं ते वेगळंच. 'मॅडम जरा नजर टाका' म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या कादंबऱ्या खातात, त्यातून निम्म्या श्रीलिपी या जुन्या फॉन्टात टाईप केलेल्या, उघडल्या की नुसते चित्रविचित्र गिचमीड. मी आता स्पष्ट सांगते, वाचून अभिप्राय देण्याचे पैसे पडतील. लोक दुखावतात. दुखावू देत. आणि शनिवार-रविवार संध्याकाळी माझ्याच्याने एक ओळ होत नाही हेही खरंय, म्हणून माझं स्वतःचं काय ते पहाटे, दूधवाला यायच्या आत.

एक गोष्ट शेवटी सांगतेय, रागावू नका. माझा नवरा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात नोकरीला आहे, घराचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. म्हणजे मीसुद्धा कुणाच्या तरी एक तारखेवरच उभी आहे, फक्त माईक हातात घेऊन दुसऱ्याला फुकट राब म्हणत नाही. तुम्ही एकटे कमावणारे असाल तर नोकरी सोडू नका, क्लासच्या भरवशावर तर मुळीच नाही, मे महिन्यात आणि दिवाळीत क्लास ओस पडतो.

तरी काढणार असालच तर फी पूर्ण आणि आगाऊ घ्या, हप्त्याने घेतलीत तर तिसऱ्या रविवारपासून माणसं गायब. बाहेरच्या कामाचं मानधन किती ते फोनवरच विचारा आणि लगेच मेसेज करून ठेवा. कंपन्या मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात, रिटर्न भरलंत तरच परत मिळायची आशा. आणि फी ठरवायच्या आधी कुणा ज्येष्ठांचा आशीर्वाद घ्यायला जाऊ नका.