शनिवारच्या फोनआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला आणि मग झोप काही लागली नाही. फोनवर बोलायला लागलो की मी भरकटतो, म्हणून लिहायला बसलोय. लिहितानाही भरकटेनच, पण निदान तुला मधली पानं गाळता येतील.

तुझा प्रश्न एवढाच. लेकाला शनिवारी वर्गातल्या मित्राकडे खेळायला बोलावलंय, तर त्या मित्राच्या आईला "घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का" असं विचारावं की नाही? नवरा म्हणतो नको, काय वाटेल त्यांना. तू म्हणतेस, आपण व्हिसावर आलेली माणसं, त्यांच्याच देशात त्यांच्या कपाटांच्या चौकश्या करणारे आपण कोण? आणि अगदी शेवटी, राहून गेलं म्हणून लिहावं तसं लिहिलंयस की परवा पोरगा डायनिंग टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. काय करतोस म्हणून विचारलंस, तर तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "श्श... मी जिंकतोय." बंदूकवाला आला तर कसं लपायचं याचा शाळेत सराव असतो, त्यात बाईंनी शिकवलंय, दिवे घालवल्यावर जो सगळ्यात जास्त वेळ गप्प बसेल तो जिंकला.

अगं, पत्र तिथून सुरू करायचं होतंस!

विचार. माझं उत्तर एका शब्दाचं आहे. पुढचं सगळं माझ्या स्वतःसाठी आहे असं समज.

तू या भागात आलीस त्याच्या आधीची गोष्ट. दिवाळीचे कपडे घ्यायला तू इथे टेक्ससमधल्या ॲलनच्या ज्या आउटलेट मॉलमध्ये जातेस, तिथे ६ मे २०२३ ला, भर शनिवारी दुपारी, एका माणसाने रायफलने आठ जणांना मारलं. त्यांत तीन लहान मुलं होती. आपल्याकडून इथे येऊन इंजिनिअर झालेली एक तरुण मुलगीही होती, तेलंगणची. आपल्या निम्म्या ओळखीपाळखीची माणसं त्या मॉलपासून वीस मिनिटांवर राहतात. पहिले दोन दिवस फोन थांबत नव्हते. दोनच दिवसांनी राजधानी ऑस्टिनला विधिमंडळाच्या समितीने, असली रायफल विकत घ्यायचं वय १८ वरून २१ करणारं विधेयक ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे पाठवलं. आदल्या वर्षी युव्हाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात मुलं गमावलेले आईबाप तिथे महिनोन् महिने खेटे घालत होते. आणि मग? सभागृहात मतदानाला ते आलंच नाही. मुदत टळली, विषय संपला. कोणी 'नाही' सुद्धा म्हणालं नाही, नुसते गप्प बसले. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, इथे तेवढेही भरले नाहीत.

दुसऱ्यांना नावं ठेवायला मी मोकळा नाही. त्याच महिन्यात आपल्या मंडळींची बैठक होती. दोन मिनिटं उभे राहिलो, मग खाली बसून आमरस किती गॅलन लागेल यावर पाऊण तास चर्चा केली. आमरस उत्तम झाला होता, मीही दोनदा घेतला.

भीड ही भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. तेव्हा मला वाटायचं की ती पैशांबद्दल बोलतेय.

इथे भीड ही नुसती लोकांच्या स्वभावात नाही, कायद्यात लिहून ठेवलेली आहे. तू डेटावाली, तुला हे पटेल. १९९६ मध्ये इथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, सीडीसी या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या बजेटला एक वाक्य जोडलं की, हा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही. शिवाय बंदुकांवरच्या संशोधनावर ते आदल्या वर्षी जेवढे खर्च करत होते, बरोबर तेवढेच २६ लाख डॉलर काढून घेतले. संशोधन करू नका असं कुठे लिहिलं नव्हतं, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. वीसेक वर्षं त्या खात्यात या विषयाला कोणी फारसा हात लावला नाही. ज्यांच्या नावाने ती दुरुस्ती ओळखली जाते, त्या आर्कान्सॉच्या जे डिकी यांनीच २०१२ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं की, संशोधन व्हायला हवं. स्वतः लावलेलं कुलूप त्यांना स्वतःला काढता आलं नाही. पैसे पुन्हा मंजूर झाले ते २०१९ च्या डिसेंबरात.

फ्लोरिडाने तर २०११ मध्ये कमाल केली. डॉक्टरने पेशंटला घरात बंदूक आहे का हे उगाच विचारायचं नाही, असा कायदाच केला. लहान मुलांच्या डॉक्टरांनी! घरात स्विमिंग पूल आहे का, कार सीट आहे का हे विचारा, पण ते विचारू नका. २०१७ मध्ये अपील कोर्टाने तो मोडीत काढला. आणि गुन्ह्यात सापडलेली बंदूक मूळ कोणाला विकली होती हे शोधायचं, तर वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एक सरकारी केंद्र आहे. तिथे बंद पडलेल्या दुकानांची कागदपत्रं खोक्यांनी येऊन पडतात. मालकाच्या नावाने शोधता येईल अशी यादी त्यांनी ठेवायची नाही, कारण केंद्र सरकारने बंदूकमालकांची नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. नाव टाकलं की माणसाच्या सात पिढ्या दिसतात, अशा या देशात!

तेव्हा 'आपण कोण विचारणारे' हे तुझं वाक्य तुला वाटतं तितकं पाहुण्याचं नाही. अगदी इथल्या मातीतलं आहे. तू पुरती अमेरिकन झालीस, अभिनंदन.

रागावू नकोस. मी हे वाक्य तुझ्या आधी, पंचवीस वर्षांपूर्वी वापरलंय.

माझा थोरला अकरा वर्षांचा होता तेव्हा आमच्या शेजारी एक कुटुंब होतं. सोन्यासारखी माणसं. शेजाऱ्याने मला स्प्रिंकलर दुरुस्त करायला शिकवलं, बर्फाच्या वादळात वीज गेली तेव्हा न सांगता दारात लाकडं आणून टाकली. पोरं दिवसभर इकडून तिकडे. एक दिवस माझा मुलगा जेवता जेवता म्हणाला, त्यांच्या बाबांकडे खरी बंदूक आहे, मोज्यांच्या खणात असते, त्यांच्या दादाने दाखवली. हातातला घास तसाच राहिला. मी त्याला दम दिला, त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, शेजाऱ्यांशी बोला. मी म्हटलं, बोलतो.

नाही बोललो. लाकडं आणून देणाऱ्या माणसाला असं कसं विचारायचं? कोलंबाइनच्या शाळेतला गोळीबार होऊन दोनच वर्षं झाली होती. टीव्हीवर वेडी पोरं आणि लांब कोट पाहून आम्ही हळहळलो होतो. मोज्यांच्या खणाचा त्याच्याशी काही संबंध असेल असं वाटलंही नाही.

तीन वर्षांनी त्यांचा थोरला गेला. सतरा वर्षांचा होता, ट्रॉम्बोन वाजवायचा. स्वतःच, त्याच बंदुकीने. पेपरात चार ओळी आल्या, त्यातही कसा गेला ते नव्हतं. तुम्ही ज्या बातम्या बघून घाबरता त्यात अशी मुलं मोजली जात नाहीत. २०२१ मध्ये या देशात ४८,८३० माणसं बंदुकीने गेली. त्यातली २६ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. मॉल आणि शाळा मिळून जे होतं तो त्या आकड्यातला छोटासा भाग. पण दोन्हींचा उगम बरेचदा एकच असतो. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांमधले हल्ले तपासले, तेव्हा बंदूक वापरणाऱ्या मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या नाहीतर जवळच्या नातेवाइकाच्या घरातून उचललेली निघाली. सँडी हूकच्या शाळेत पहिलीतली वीस मुलं मारली गेली, ती रायफलही मारणाऱ्याच्या आईचीच होती. म्हणून म्हणतो, ज्याच्या घरी जायचंय त्याला विचार.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. महिन्याभराने शेजारीण आमच्या किचनमध्ये येऊन बसली. चहा घेतला, कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग म्हणाली, ती तिथे ठेवलेली असायची हे मला ठाऊक नव्हतं, गॅरेजमधल्या सेफमध्ये आहे असंच मी समजत होते. तुम्हाला माहीत होतं का?

मी "नाही" म्हटलं.

काय म्हणायला हवं होतं? 'हो' म्हणून तिला काय मिळालं असतं? तिच्या नवऱ्याशी तिचं आणखी बिनसलं असतं एवढंच. आणि मी विचारलं असतं तरी तो "माझं मी बघतो" म्हणाला असता, हेही शक्य आहे. चांगलंच शक्य आहे. टेक्ससचा माणूस, तोही तिथेच जन्मलेला. ही वाक्यं मी वीस वर्षं घोकून पाठ केलीयत, म्हणून एवढी सफाईदार येतात. बायको त्या वेळी ओट्याशी पाठ करून उभी होती. ती वळली नाही.

तेव्हापासून मी विचारतो. नातवंडं कुठे जाणार असतील तर विचारतो, पार्टीला गेलो तर विचारतो. लोक हसतात. एका जुन्या मित्राच्या घरी सोन्याची चोरी झाली, आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांनाही कळलंय, तर त्याने पिस्तूल घेतलं. मी भर जेवणात म्हटलं, कुठे ठेवलंयस, गोळ्या वेगळ्या कुलपात आहेत ना, मुलं घरात आहेत तुझी. दीड वर्ष तो माझ्याशी बोलला नाही. आमच्या हिने मला सुनावलं की, योग्य गोष्ट चुकीच्या वेळी बोलायची तुम्हाला खोड आहे. असेल. योग्य वेळेची वाट मी एकदा पाहिली होती. नंतर त्या मित्राने सेफ घेतली, पण माझ्यामुळे नाही असं तो आवर्जून सांगतो. असू दे.

तुझ्या नवऱ्याला म्हणावं, कोणाचा हक्क कोणी काढून घेत नाहीये. ती माणसं शिकारीला जात असतील, तीन पिढ्यांच्या बंदुका असतील, त्यांच्या घराण्याचा तो अभिमान असेल. सेफ असलेला माणूस या प्रश्नावर चिडत नाही गं, उलट कौतुकाने दाखवतो. एकाने तर मला अर्धा तास त्याच्या कुलपाचं मेकॅनिझम समजावलं होतं, जेवण थंड झालं.

कसं विचारायचं हे तुला हवं होतं ना? इथले मुलांचे डॉक्टर सांगतात तसंच कर, चार प्रश्नांच्या रांगेत बसव. आधी आपलं सांग: याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुत्र्याला जरा घाबरतो. मग पूलला कुंपण आहे का. मग लगेच, त्याच आवाजात: "घरात बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात असते ना? मी सगळ्यांनाच विचारते." 'सॉरी' म्हणू नकोस. हसूही नकोस, आपल्या बायका अवघड बोलताना हसतात आणि समोरच्याला वाटतं गंमत चाललीय. विचारून झालं की गप्प राहा. एवढ्यापुरतं गप्प राहणं चालेल. उत्तर गोलगोल आलं, "अगं, तो बघतो ते सगळं" वगैरे, तर म्हण, मग तुमच्या मुलालाच आमच्याकडे पाठवा, मी थालीपीठ करते. भांडण नाही, काही नाही.

आणि टेबलाखाली पुन्हा बसलेला दिसला तर त्याला ओढून बाहेर काढू नकोस. तूही आत जाऊन बस थोडा वेळ, आणि बोलायला लाव.

फोन शुक्रवारीच कर, शनिवारी सकाळी घाईत नको. काय म्हणाली ते मला कळव. मी अकरापर्यंत जागा असतो, त्यानंतरही असतोच.

तुझा,
काका